विहिरीचा शेजार

जमिनीवर शेजारी राहणाऱ्या दोन घरांच्या मध्ये कुंपण घालता येते. हे अंगण माझे, ते तुझे, अशी वाटणी करता येते. जमिनीच्या पोटात मात्र असे कुंपण घालता येत नाही. तेथील पाणी कोणाच्या हद्दीचा दगड ओळखत नाही. एका घराच्या परसात मुरलेले पाणी दुसऱ्या घराच्या विहिरीत जाऊन निघते, आणि हा प्रवास डोळ्यांना दिसत नसल्यामुळे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

घर बांधणारा मनुष्य पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणतो आणि शौचालयाच्या पाण्यासाठी शोषखड्डाही खणतो. दोन्ही त्याच्या स्वतःच्या जमिनीत असतात आणि दोन्हींचा खर्च तोच करतो. तरीही विहीर कोठे असावी व खड्डा कोठे असावा, हे त्याने आधी विचारून घ्यावे आणि पुढेही त्यांची तपासणी होऊ द्यावी, असा दंडक अनेक देशांत घातलेला आहे. आपल्याच जमिनीत खड्डा खणण्यास दुसऱ्याची परवानगी कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर मनुष्यजातीला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. ती किंमत लंडन शहरातील एका रस्त्याने कशी दिली, याची हकीकत प्रसिद्ध आहे.

इ. स. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो नावाच्या भागात ब्रॉड स्ट्रीट हा दाट वस्तीचा रस्ता होता. रस्त्याच्या कडेला एक सार्वजनिक विहीर होती व तिच्यावर पाणी उपसण्याचा हातपंप बसविलेला होता. या पंपाचे पाणी स्वच्छ दिसे व चवीला गोड लागे. त्यामुळे दूरचे लोकही जवळचा पंप सोडून तेथून पाणी नेत असत. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टच्या रात्री या वस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ एकाएकी भडकली. पहिल्या तीन दिवसांत १२७ माणसे मृत्युमुखी पडली. दहा दिवसांत मृतांची संख्या पाचशेवर गेली. ज्यांना शक्य होते ते घरदार टाकून पळाले आणि गजबजलेला रस्ता ओस पडला.

त्या काळी मोठमोठे विद्वान वैद्यही असे मानीत की, घाणेरड्या हवेतून पटकी पसरते. जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टरांचे मत निराळे होते. रोग हवेतून येत असेल तर त्याचा पहिला आघात फुप्फुसांवर व्हावयास हवा; परंतु पटकीत तो आतड्यांवर होतो. म्हणून रोगाचे बीज तोंडावाटे, बहुधा पाण्यावाटे, पोटात जात असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. हा विचार त्यांनी १८४९ मध्येच छापून प्रसिद्ध केला होता. पण तो फारसा कोणाला पटला नव्हता.

साथ सुरू होताच स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी मिळविल्या आणि ते घरोघरी हिंडू लागले. त्यांनी आरंभी तपासलेल्या ८३ मृत्यूंपैकी ७३ मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या जवळपास राहणाऱ्यांचे होते. त्यांपैकी ६१ जण त्याच पंपाचे पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत असत, असे घरच्यांनी सांगितले. या पुराव्याइतकेच महत्त्व स्नो यांनी त्याला अपवाद भासणाऱ्या गोष्टींना दिले. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती. तेथे केवळ पाच जण दगावले. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. जवळच्या मद्याच्या कारखान्यात सत्तराहून अधिक कामगार होते. त्यांतील एकही मेला नाही. कारखान्याला निराळी विहीर होती, व कामगार पंपाचे पाणी पीतच नसत. उलट, कित्येक मैल दूर असलेल्या हॅम्पस्टेड येथे एक वृद्ध स्त्री पटकीने मरण पावली. त्या भागात रोगाचा मागमूसही नव्हता. चौकशी करता असे कळले की, पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तेथील पाण्याची गोडी लागल्यामुळे रोज बाटली भरून ते मागवीत असे. तिला भेटावयास आलेल्या भाचीनेही ते पाणी घेतले होते. तीही आपल्या घरी परत जाऊन वारली.

७ सप्टेंबरच्या सायंकाळी स्नो यांनी हा सर्व पुरावा तेथील स्थानिक कारभाऱ्यांच्या सभेपुढे मांडला. कारभाऱ्यांना तो पुरता पटला नसावा. तथापि दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाचा दांडा काढून टाकविला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, कारण बरेच लोक गाव सोडून गेले होते. ही गोष्ट स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नमूद करून ठेवली आहे. तरीसुद्धा त्या दिवसाचे महत्त्व मोठे आहे. लोकांच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारी स्थानिक कारभाऱ्यांवर आहे, आणि धोका दिसताच पाणी बंद करण्याचा अधिकारही त्यांनी वापरला पाहिजे, हे त्या दांड्याने जगाला दाखवून दिले.

पण पंपाच्या पाण्यात विष आले कोठून? याचा शोध हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाने लावला. आरंभी त्यांना स्नो यांचे म्हणणे साफ चुकीचे वाटत होते व ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी चौकशी आरंभिली होती. परंतु घरोघर विचारपूस करता करता त्यांचे मत बदलले. पुढे मृत्यूची नोंदवही चाळीत असता त्यांना विहिरीच्या अगदी समोरच्या, ४० क्रमांकाच्या, घरातील पाच महिन्यांच्या एका बालकाची नोंद आढळली. साथ भडकण्याच्या दोनतीन दिवस आधीच ते अतिसाराने आजारी पडले होते. व्हाइटहेड त्या घरी गेले. बाळाच्या आईने सांगितले की, मळलेली दुपटी धुतलेले पाणी तिने घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते.

तेव्हा यॉर्क नावाच्या सर्वेक्षकाकडून १८५५ मध्ये ती जागा खणविण्यात आली. मैलाखड्डा आणि विहीर यांच्यामध्ये तीन फुटांपेक्षाही कमी अंतर होते. खड्ड्याच्या भिंतीच्या विटा झिजून सैल झाल्या होत्या आणि दोहोंमधील माती मैल्याने भिजून दलदलीसारखी झाली होती. साथीला कारण झालेली वाट ती हीच होती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ही विहीर त्यापूर्वीही एकदा उघडून पाहण्यात आली होती. त्या वेळी तिच्या आतील बांधकामात भोक किंवा फट आढळली नाही, म्हणून ती निर्दोष ठरविली गेली. पहिल्या तपासणीने फक्त विहीर पाहिली. दुसऱ्या तपासणीने विहिरीचा शेजार पाहिला. या दोहोंतील फरकातच आजच्या सर्व नियमांचे मूळ आहे. साथ संपली तेव्हा मृतांची एकूण संख्या ६१६ झाली होती.

पटकीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्येच ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे साथीचा अभ्यास करण्यासाठी कलकत्त्यास आले. १८८४ मध्ये त्यांनी हे जंतू रोग्यांच्या आतड्यांत दाखवून दिले आणि लोक ज्या तळ्याचे पाणी पीत असत त्या तळ्याच्या पाण्यातही त्यांना ते सापडले. १८५८ मध्येच वारलेले स्नो हे पाहावयास हयात नव्हते. परंतु त्यांचा तर्क खरा ठरला. पटकीप्रमाणेच विषमज्वर, आमांश व काही प्रकारची कावीळ हे रोगही दूषित पाण्यातून पसरतात. रोग्याच्या मैल्यातून जंतू बाहेर पडतात आणि निरोगी माणसाच्या तोंडावाटे आत शिरतात. या दोन टोकांमधील वाट तोडणे हेच आरोग्यरक्षणाचे मुख्य काम होय.

ही वाट जमिनीखालून कशी जाते, हे आता पाहू. पावसाचे पाणी मातीत मुरते, कणाकणांतील पोकळ्यांतून खाली उतरते आणि खाली अभेद्य थर लागला की साठून राहते. या साठलेल्या पाण्याच्या वरच्या पातळीला भूजलाची पातळी म्हणतात. विहीर म्हणजे या पातळीखाली खणलेला मोठा खड्डा. तिच्यातून पाणी उपसले की आतील पातळी खाली जाते आणि चोहो बाजूंचे भूजल तिच्याकडे ओढले जाते. म्हणजे विहीर नुसती पाणी साठवीत नाही, तर आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढून घेते. जवळपास मैल्याचे पाणी मुरत असेल, तर तेही त्याच ओढीने तिच्यात येऊ शकते.

सुदैवाने माती ही एक उत्तम गाळणी आहे. बारीक मातीतून पाणी हळूहळू झिरपत असता जंतू कणांना चिकटून राहतात आणि कालांतराने मरून जातात. त्यामुळे खड्डा व विहीर यांच्यामध्ये पुरेशी कोरडी माती असेल तर पाणी वाटेतच बरेचसे शुद्ध होते. मात्र सर्व जमीन सारखी नसते. महाराष्ट्राच्या पठारावर थोडीशी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण असतो. या पाषाणात भेगा असतात. भेगेतून वाहणारे पाणी गाळले जात नाही. ते पन्हाळीतून वाहावे तसे वेगाने दूरवर जाते. कोकणातील जांभा दगडही सच्छिद्र असतो. शिवाय पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते आणि कित्येक ठिकाणी ती शोषखड्ड्याच्या तळाशी येऊन भिडते. उन्हाळ्यात ज्या कोरड्या मातीने गाळणीचे काम केले, तीच आता पाण्यात बुडालेली असते. पावसाळ्याच्या आरंभी गावोगाव पोटाचे विकार वाढतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता शौचालयाच्या टाकीकडे वळू. हिला सेप्टिक टाकी म्हणतात. टाकी विटांची किंवा काँक्रीटची असून तिचा तळ व भिंती पाणी न झिरपणाऱ्या असाव्या लागतात. शौचालयातील मैलापाणी तिच्यात शिरून सावकाश पुढे सरकते. जड पदार्थ तळाशी बसून त्यांचा गाळ होतो. तेलकट व हलके पदार्थ वर तरंगून त्यांचा थर जमतो. हवेवाचून जगणारे जंतू गाळाचे विघटन करतात व त्यातून वायू निघतात. मधल्या थरातील पाणी टाकीबाहेर पडते. ते वरवर बरेच निवळलेले दिसते. म्हणून ते शुद्ध झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. टाकी मैल्याचा गाळ अडविते. रोगाचे सर्व जंतू मारीत नाही. म्हणूनच टाकीतून निघालेले पाणी उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडून मातीकडून गाळून घ्यावे लागते.

यावरून परवानगी देणारा अधिकारी काय पाहतो, हे सहज समजेल. पहिली गोष्ट अंतराची. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणे शोषखड्डा विहिरीपासून वा पिण्याच्या पाण्याच्या अन्य उगमापासून निदान १८ मीटर, आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर दूर असावा. लंडनच्या त्या मैलाखड्ड्याचे अंतर एक मीटरही नव्हते, हे येथे आठवावे. खडकात भेगा असतील तर १८ मीटरही अपुरे पडू शकतात. म्हणून जमीन कशी आहे, हे तपासावे लागते. दुसरी गोष्ट उताराची. विहीर चढावर व खड्डा उतारावर असावा, म्हणजे झिरपलेले पाणी विहिरीपासून दूर जाते. तिसरी गोष्ट मुरण्याची. जमिनीत एक लहान चाचणीखड्डा खणून त्यात पाणी भरतात व माती चांगली भिजू देतात. मग त्यातील पाण्याची पातळी २५ मिलिमीटर खाली जाण्यास किती मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून मोजतात. पाणी फार सावकाश मुरले तर खड्डा तुंबून मैलापाणी वर येईल. फार झपाट्याने मुरले तर ते न गाळताच भूजलात जाईल. दोन्ही परिस्थिती धोक्याच्या आहेत.

विहिरीचेही असेच नियम आहेत. तिचे आतील बांधकाम वरच्या भागात पाणी न झिरपणारे असावे, म्हणजे पृष्ठभागाजवळचे घाण पाणी आत उतरत नाही. तिला कठडा असावा. भोवती पक्की फरशी असावी आणि सांडलेले पाणी दूर वाहून नेण्यासाठी पन्हाळ असावी. जो तो आपला मळका पोहरा आत सोडणार नाही, अशी सोय करून तोंडावर झाकण बसविणे सर्वांत चांगले. विंधन विहिरीला वरच्या भागात पोलादी किंवा प्लॅस्टिकची नळी बसवितात. त्या नळीभोवतालची पोकळी सिमेंटने बुजविली नाही, तर वरचे घाण पाणी नळीच्या बाहेरून सरळ खोल पाण्यात उतरते.

अमेरिकेत शहराबाहेर राहणाऱ्या लाखो कुटुंबांची स्वतःची विहीर व स्वतःची सेप्टिक टाकी असते. तेथे काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, असतो. घर बांधण्यापूर्वी बहुधा या काउंटीच्या आरोग्यखात्याकडे नकाशा सादर करावा लागतो. अधिकारी जागा पाहतात, माती तपासतात आणि मगच परवाना देतात. टाकी बसविल्यानंतर ती मातीने झाकण्यापूर्वी त्यांना पुन्हा बोलवावे लागते. कारण एकदा माती लोटली की आतील दोष कोणालाच दिसणार नाही. महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी मागताना सादर केलेल्या नकाशात शौचालय व टाकी यांची जागा दाखविण्याची पद्धत आहे. सार्वजनिक विहिरींचे पाणी आटू नये म्हणून राज्याने १९९३ मध्ये एक कायदाही केला. त्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उगमापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यास बंदी घालण्यात आली. २००९ च्या भूजल अधिनियमाने पुढे त्या कायद्याची जागा घेतली.

नियमाप्रमाणे वागणे प्रत्येक ठिकाणी सोपे नसते, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या गावठाणात घराला घर लागलेले असते. संपूर्ण आवारच दहा मीटरांचे असेल, तर १८ मीटर अंतर आणावयाचे कोठून? अशा वेळी अनेक मार्ग असतात. चार घरांनी मिळून उताराच्या बाजूला सामाईक टाकी बांधता येते. गटार असेल तेथे ती त्याला जोडता येते. नळाचे पाणी असेल तर जवळच्या विहिरीचे पाणी केवळ धुण्याभांड्यासाठी ठेवून पिण्यासाठी वर्ज्य करता येते. परंतु या सर्व मार्गांचा विचार कुदळ मारण्यापूर्वीच व्हावयास हवा. खड्डा बांधून झाल्यावर तो हलविता येत नाही. परवानगीचा कागद म्हणजे केवळ सही-शिक्क्याचा उपचार नव्हे. खणणाऱ्याला, शेजाऱ्याला व गावाला एकत्र बसून विचार करावयास लावणारे ते साधन आहे.

परवानगी एकदाच लागते. तपासणी मात्र वारंवार व्हावी लागते. बांधकामाला तडे जातात, फरशी उखडते, कोणी विहिरीजवळ उकिरडा करतो, कोणी गुरे बांधतो. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, गावांतील पिण्याच्या पाण्याच्या उगमांची स्वच्छता-पाहणी केली जाते. आरोग्य कर्मचारी उगमाभोवतालची स्थिती पाहून धोका किती, हे ठरवितात आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे धोका मोठा, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे सौम्य. ज्या गावाने सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखले आणि जेथे त्या काळात पाण्यामुळे साथ उद्भवली नाही, त्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. गावच्या पाण्यात औषध टाकण्याचे काम जलसुरक्षक करतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्याचे साधे शिक्षण प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना देण्याची योजना आखण्यात आली. घरातील पाणी ज्या भरतात, त्यांनीच ते पारखावे, यात औचित्य आहे.

पाण्याची पारख डोळ्यांनी होत नाही. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी दिसावयास निर्मळच होते. मैल्याचा संसर्ग ओळखण्याची एक सोपी युक्ती अशी आहे. एका निर्जंतुक बाटलीत विशिष्ट औषध असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ती एकदोन दिवस ठेवतात. पाणी काळे पडले तर ते पिण्यास अयोग्य असल्याची शंका घ्यावी व प्रयोगशाळेत पुढील तपासणी करावी. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातील विशिष्ट जंतूंपैकी एकही आढळता कामा नये, असे आपले मानक आहे.

विहीर शुद्ध करण्यासाठी तिच्यात ब्लीचिंग पावडर घालतात. किती घालावी, हे शाळेतील गणिताने काढता येते. समजा, एका गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर आहे. व्यासाचा वर्ग १६. त्याला ०.७८५ ने गुणले की तळाचे क्षेत्रफळ १२.५६ चौरस मीटर येते. त्याला खोलीने गुणले की ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. तेव्हा या विहिरीस सुमारे ९४ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत मिसळतात आणि निदान एक तास पाणी उपसत नाहीत. त्यानंतर नमुन्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले असता पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. तथापि हा उपाय जंतूंपुरताच आहे. मैल्यातून झिरपणारे नायट्रेट नावाचे क्षार क्लोरीनने जात नाहीत व उकळण्यानेही जात नाहीत. ते तान्ह्या मुलांना विशेष अपायकारक असतात. ते रोखण्याचा खरा उपाय अंतर राखणे हाच आहे.

सेप्टिक टाकीलाही देखभाल लागते. दोनतीन वर्षांनी तिच्यातील गाळ न उपसल्यास तो शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे बुजवितो आणि मैलापाणी वर येते. हा उपसा यंत्रानेच व्हावयास हवा. टाकीत साठणाऱ्या विषारी वायूंमुळे आत उतरलेला मनुष्य क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढावयास गेलेलाही बळी पडतो. असे कित्येक कष्टकरी आजवर प्राणास मुकले आहेत. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. साताऱ्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी ठरल्या क्रमाने यंत्राने उपसण्याची व्यवस्था केली. टाकी भरून वाहू लागेपर्यंत वाट न पाहण्याचा हा मार्ग इतर गावांनीही अनुसरण्याजोगा आहे.

विहीर खणणाऱ्याला पाणी किती लागले, याचा आनंद असतो. ते पाणी पुढील पिढ्यांनी निर्धास्तपणे प्यावे, अशीही त्याची इच्छा असते. पण ही इच्छा त्याच्या एकट्याच्या हाती नाही. ती शेजाऱ्याच्या खड्ड्यावर, त्याच्या शेजाऱ्याच्या टाकीवर आणि गावाच्या दक्षतेवर अवलंबून आहे. जमिनीखाली काय चालले आहे, हे कोणा एकाला दिसत नाही. म्हणून खणण्यापूर्वी विचारणे, झाकण्यापूर्वी दाखविणे आणि झाकल्यानंतरही पाहत राहणे, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. मोजपट्टी घेऊन दारी आलेला तपासनीस एका घराचा खड्डा मोजीत असतो. पण त्याच वेळी तो साऱ्या गावाच्या घोटभर पाण्याची राखण करीत असतो.